लाव्ही अंडी देत नाही? आधी दिवा लावा

हौसेने चार-सहा जपानी लाव्ह्या आणायच्या, पडवीच्या कोपऱ्यात पिंजरा ठेवायचा, आणि दोन महिने उलटले तरी अंड्याचा पत्ता नाही. मग सल्ले सुरू होतात. कोणी मेथी भिजवून घालायला सांगतं, कोणी लसणाचं पाणी पाजायला, कोणी औषधांच्या दुकानातून टॉनिकची बाटली घेऊन येतं. शेवटी ‘विकणाऱ्याने फसवलं’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. खरं तर लाव्हीइतका अंड्याला उतावळा पाळीव पक्षी दुसरा सापडणं कठीण. सहाव्या-सातव्या आठवड्यात ती पहिलं अंडं टाकते. गावठी कोंबडीला त्यासाठी पाच-सहा महिने लागतात. तेव्हा लाव्ही अडून बसली असेल तर तिला बाटलीतलं काही कमी पडलेलं नसतं. कोकणातल्या घरांत बहुतेक वेळा कमी पडतो तो उजेड.

त्याआधी दोन साध्या गोष्टी तपासून घ्या. पिंजऱ्यात आहे ती मादीच आहे ना, आणि तिचं वय झालं आहे ना?

नेहमीच्या तपकिरी रंगाच्या जातीत तिसऱ्या आठवड्यापासून छातीकडे पाहून नर-मादी ओळखता येते. नराची छाती एकसारखी विटकरी, ठिपके नसलेली. मादीची छाती फिकट, मातकट, आणि तिच्यावर काळ्या ठिपक्यांची नक्षी. पांढऱ्या किंवा काळपट जातींत मात्र ही खूण चालत नाही. तिथे पक्षी हलक्या हाताने उलटा धरून शेपटीखाली पाहावं लागतं. वयात आलेल्या नराच्या गुदद्वाराच्या वरच्या बाजूला लालसर फुगवटा असतो आणि तो किंचित दाबला की साबणासारखा पांढरा फेस येतो. मादीत हा फुगवटा नसतो. ती अंड्यावर आलेली असेल तर ती जागा रुंद, ओलसर आणि मऊ लागते, कोरडी-आक्रसलेली असेल तर अजून अवकाश आहे. शिवाय नर कर्कश ओरडतो, तेही पहाटे. चार लाव्ह्यांतल्या तीन ओरडत असतील तर अंड्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

वयाचा हिशेब विकणाऱ्याच्या शब्दावर सोडू नका. ‘महिन्याची आहेत’ म्हणून दिलेली पिल्लं अनेकदा अठरा-वीस दिवसांची निघतात. आणल्यावर नवीन जागेत रुळायलाही आठ-पंधरा दिवस जातात. अंडी देत असलेली मादी प्रवास करून आली तर तीही तेवढे दिवस थांबते. म्हणून आठ आठवड्यांच्या आत घाई करू नये. दहा आठवडे उलटूनही अंडं नसेल तर मात्र काहीतरी चुकतं आहे.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवू. खाण्याची अंडी हवी असतील तर नराची गरज नाही. मादी एकटी असली तरी अंडी देते, फक्त ती उबत नाहीत. उलट नर जास्त झाले की ते माद्यांच्या डोक्यावरची पिसं उपटतात, आपसांत रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात आणि घाबरलेल्या माद्या अंडी बंद करतात. पिल्लं काढायची असतील तरच दोन-तीन माद्यांमागे एक नर ठेवा. तेव्हाही लक्षात असू द्या, की पाळीव लाव्ही सहसा खुडूक बसत नाही. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या अंड्यांसाठी निवडताना तिची ती सवयच गेली. सतरा-अठरा दिवस अंडी उबवायला उबवणी यंत्र लागतं.

उजेडाचा हिशेब

लाव्हीच्या शरीरात अंड्याची तयारी सुरू करणारा घटक म्हणजे दिवसाची लांबी. उजेड डोळ्यांतून तर जातोच, पण पातळ कवटीतून थेट मेंदूतही झिरपतो. तिथे खोलवर असलेल्या काही पेशी तो ओळखतात, हे जपानच्या नागोया विद्यापीठातल्या ताकाशी योशिमुरा यांच्या गटाने २०१० मध्ये लाव्हीवरच काम करून दाखवलं. दिवस लांबला आहे असा निरोप मेंदूला मिळाला की संप्रेरकं सुटतात आणि अंडाशय वाढीला लागतं. निरोप मिळाला नाही तर पक्षी धडधाकट राहतो, खातो-पितो, अंगाने भरतो, पण अंडं देत नाही. त्याच्या लेखी अजून हिवाळाच चालू असतो.

भरपूर अंड्यांसाठी रोज चौदा ते सोळा तास उजेड लागतो. आता रत्नागिरीजवळच्या हातखंब्याचा दिवस पाहू. डिसेंबरात इथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहा वाजून गेले की मावळतो; दिवस जेमतेम अकरा तासांचा. जूनमधला सगळ्यात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या पुढे जात नाही. म्हणजे नुसत्या सूर्यावर विसंबलं तर आपल्याकडे चौदा तास वर्षातल्या एकाही दिवशी भरत नाहीत. आणि तो सव्वातेरा तासांचा दिवस नेमका पावसाळ्यात येतो. वर ढग, पुढे झड अडवायला लावलेली ताडपत्री, उतरतं कौलारू छप्पर, आणि पिंजरा पडवीच्या आतल्या अंगाला. दुपारी तीनला घरात दिवा लावून तांदूळ निवडावे लागतात, तिथे लाव्हीला संध्याकाळ झाली असं वाटलं तर तिचा काय दोष?

उपाय स्वस्त आहे. पिंजऱ्यापासून तीन-चार फुटांवर पिवळसर उजेडाचा नऊ वॅटचा एलईडी दिवा लावा. पिवळा-तांबूस प्रकाश निळसर पांढऱ्यापेक्षा कवटीतून जास्त आत जातो, म्हणून तो बरा. उजेड किती हवा, याची घरगुती परीक्षा अशी, की खाद्याच्या भांड्याजवळ धरलेलं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. हिवाळ्यात पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी सहा ते आठ असा दिवा लावला की पंधरा तास होतात. रोज चार तास म्हणजे महिन्याला साधारण एक युनिट वीज. टॉनिकच्या बाटलीपेक्षा हे केव्हाही परवडतं. पावसाळ्यात दाट ढग असतील तर दिवसाही दिवा चालू ठेवा.

वेळ मात्र घड्याळाबरहुकूम पाळा. आज आठला विझवला, उद्या दहाला, परवा विसरलो, असं केलं तर फायदा होत नाही. पहाटे उठण्याचा कंटाळा असेल तर विजेच्या दुकानात मिळणारा टायमर बसवून घ्या. दिवसाची लांबी एकदम वाढवण्यापेक्षा दर आठवड्याला अर्धा-एक तासाने वाढवत न्या. आणि रात्रभर दिवा ठेवून दुप्पट अंडी मिळतील हा हिशेब करू नका; आठ तासांचा काळोखही पक्ष्याला लागतो. वादळात वीज एखाद्या रात्री गेली तर काही बिघडत नाही. पण जुलैत झाड पडून वीजवाहिनी तुटली आणि आठवडाभर अंधार राहिला तर अंडी थांबू शकतात. चार्जिंगचा दिवा हाताशी असावा.

पिल्लांचं गणित वेगळं असतं. पहिले दोन आठवडे ऊब आणि खाणं यांसाठी त्यांना जवळपास चोवीस तास उजेड देतात. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात तो बारा तासांवर आणायचा. सहाव्यापासून वाढवायचा. पाचव्या आठवड्याच्या आधीच उजेड वाढवून अंगाने न भरलेल्या मादीला अंड्यावर आणलं तर अंडी बारीक येतात आणि अंडं अडकण्याचा धोका असतो.

कोंड्यावर अंडं येत नाही

दिवा लावून तीन आठवडे झाले तरी अंडं नसेल, तर भांड्यात काय आहे ते बघा. बहुतेकदा तांदळाची कणी, कोंडा, उरलेला भात आणि थोडी नाचणी असते. गावठी कोंबडी एवढ्यावर भागवते, कारण ती दिवसभर परड्यात उकरून वाळवी, किडे, गांडुळं खाते. पिंजऱ्यातल्या लाव्हीला ती सोय नाही. शिवाय तिच्यावरचा भार पाहा. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची मादी दहा-बारा ग्रॅमचं अंडं देते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के. कोंबडीचं अंडं तिच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास असतं. आणि लाव्ही हे काम वर्षाला अडीचशेहून अधिक वेळा करते.

म्हणून तिच्या खाद्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं हवीत. पहिल्या तीन आठवड्यांत तर पंचवीसच्या पुढे. एक मादी दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम खाते. लाव्हीचं तयार खाद्य मिळालं तर उत्तम, पण खेड्यातल्या दुकानात ते क्वचितच असतं. तिथे दोन मार्ग आहेत. पहिला, ब्रॉयलर स्टार्टर. त्यात प्रथिनं बावीस टक्क्यांच्या आसपास असतात, पण कॅल्शियम कमी असतं. एक किलो खाद्याला पन्नास ग्रॅम शिंपल्यांची भरड मिसळली की ते लाव्हीच्या गरजेइतकं, म्हणजे तीन टक्क्यांच्या जवळ जातं. पोत्यावरची चिठ्ठी वाचून घ्या. औषध मिसळलेलं खाद्य असेल तर अंडी खायच्या पक्ष्यांना ते नको. दुसरा मार्ग, कोंबड्यांचं लेयर खाद्य. त्यात कॅल्शियम पुरेसं असतं, पण प्रथिनं सोळा-सतरा टक्के. इथे रत्नागिरीचा बाजार मदतीला येतो. नऊ भाग लेयर खाद्याला एक भाग सुका जवळा कुटून घातला की प्रथिनांचा आकडा वीसवर जातो. जवळा मीठ न लावता वाळवलेलाच घ्या. खारवलेल्या सुक्या मासळीतलं मीठ एवढ्याशा पक्ष्याला बाधतं.

शिंपल्यांसाठी पैसे मोजायचीही गरज नाही. कालवं किंवा तिसऱ्या केल्या की कवचं फेकू नका. स्वच्छ धुवून दोन दिवस कडक उन्हात वाळवा, चुलीच्या निखाऱ्यावर भाजा म्हणजे ठिसूळ होतात, आणि मग जाड मिठाएवढी भरड होईल असं कुटा. पीठ करू नका. भरड पोटात हळूहळू विरघळते आणि रात्रीही कवच बनत असतं, तेव्हा ती उपयोगी पडते. लेयर खाद्य देत असाल तरी भरडीची एक वाटी वेगळी ठेवावी. ज्या मादीला गरज असते ती बरोबर टोचून खाते. पिल्लांना मात्र ही भरड देऊ नका. अंड्यावर येण्याआधी जास्त कॅल्शियम गेलं तर मूत्रपिंडावर ताण येतो.

कोकणात खाद्याचा खरा शत्रू म्हणजे बुरशी. मका आणि शेंगदाणा पेंड पावसाळ्यात लवकर बुरसटतात, आणि त्या बुरशीतलं विष यकृत बिघडवतं. अंडी कमी होणं हे त्याचं पहिलं लक्षण असू शकतं. जून ते सप्टेंबरात पंधरा दिवस पुरेल एवढंच खाद्य आणा, ते झाकणाच्या पिंपात ठेवा, पिंपाखाली फळी घाला. कुबट वास आला, गुठळ्या झाल्या की सरळ फेकून द्या. वाळवून परत घालू नका. वाळवल्याने विष जात नाही.

पाणी नेहमी ताजं हवं. अर्धा दिवस भांडं कोरडं राहिलं तरी दुसऱ्या दिवशीच्या अंड्यावर परिणाम दिसतो. पिल्लांच्या पाण्याच्या वाटीत खडे टाकून ठेवा, नाहीतर ती त्यात बुडून मरतात.

महामार्गाकाठचं बाळंतपण

कोंबडी सकाळी अंडं घालते. लाव्हीची वेळ मुख्यतः दुपारी तीननंतर ते काळोख पडेपर्यंत. आपल्याकडे नेमकी तीच वेळ गडबडीची: मुलं शाळेतून येतात, पिंजऱ्याभोवती गोळा होतात, बोटं घालतात. पिंजरा साफ करणं, पक्षी हातात घेणं, नवा पक्षी सोडणं ही सगळी कामं सकाळी उरका. तीननंतर ही कामं नकोत.

हातखंबा तिठ्याच्या आसपास राहणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक, रत्नागिरीकडे वळणारे ट्रक, हॉर्न, आणि रात्री भिंतीवरून सरकत जाणारे दिव्यांचे झोत. एकसारख्या आवाजाची पक्ष्यांना सवय होते, अचानक आलेल्या झोताची होत नाही. लाव्ही दचकली की सरळ वर उसळते. दोन-अडीच फूट उंचीच्या पिंजऱ्यात ती वेग घेऊन छताला डोकं आपटते आणि टाळूची कातडी सोलून घेते. म्हणून पिंजरा एक तर नऊ-दहा इंच उंचीचा, नाहीतर थेट माणूस उभा राहील एवढा, अधलामधला नको. रस्त्याच्या बाजूला गोणपाट लावा, छताला आतून जुनं कापड ताणा.

जागा दाटीची नको. एका चौरस फुटात तीन-चारच पक्षी. तळ सगळा जाळीचा असेल तर पाय सोलतात, एका बाजूला फळी टाकून तिच्यावर तूस पसरा. पत्र्याची पसरट थाळी घेऊन त्यात कोरडी वाळू आणि चिमूटभर चुलीची राख ठेवा. लाव्ह्या तिच्यात लोळतात, पंख फडफडवून वाळू अंगावर घेतात, आणि एकीचं आटोपेपर्यंत दुसरी बाजूला ताटकळत उभी असते. उवा-पिसवा तर जातातच, शिवाय वाळूत निवांत लोळणारी लाव्ही घाबरलेली नाही हे आपल्यालाही कळतं.

मुंगूस, मांजर, धामण, घूस यांपैकी कोणी रात्री नुसतं पिंजऱ्याभोवती फिरून गेलं तरी अंडी थांबू शकतात. जाळी अर्ध्या इंचाची आणि वेल्डेड घ्या. कोंबड्यांची सहा कोनांची जाळी धामणीला अडवत नाही. आणि कोंबड्यांच्या खुराड्यात लाव्ह्या ठेवू नका. कोंबड्यांना सहज पचणारे आजार लाव्ह्यांना भोवतात.

एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात लाव्ही चोच उघडी टाकून धापते, खाणं कमी करते आणि अंड्यांचं कवच पातळ होतं. पत्र्याच्या छपरावर माडाच्या झावळ्या टाका. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. आपल्याकडची थंडी तिला बाधत नाही. बाधते ती पावसाची झड आणि ओलं तूस.

पहिली अंडी

पहिली चार-आठ अंडी बारीक, वेडीवाकडी, कधी मऊ कवचाची येतात. काळजी नको. तीच अवस्था पंधरा दिवसांपुढे टिकली तर शिंपल्यांची भरड वाढवा. लाव्ही घरटं करत नाही, कुठेही अंडं टाकते, तेव्हा संध्याकाळी तुसात हात फिरवून पाहा. नाहीतर अंडं असतं, पायाखाली फुटतं, तिथेच खाल्लं जातं आणि आपण म्हणतो की देतच नाही. प्रत्येक मादीच्या अंड्यावरची ठिपक्यांची नक्षी स्वतःची असते आणि बहुधा कायम तशीच राहते. त्यामुळे चार-सहा पक्षी असतील तर दोन आठवड्यांत कोणाचं अंडं कुठलं हे ओळखता येतं, आणि नंतर एखादीने बंद केलं तर लगेच लक्षात येतं. एखादी मादी पिसं फुगवून, शेपटी खाली टाकून जोर करत असेल तर अंडं अडकलं आहे. अशा वेळी पोट दाबू नका. उबदार, शांत, अंधाऱ्या खोक्यात ठेवा आणि पशुवैद्यकाला गाठा.

सगळं व्यवस्थित असून एकाएकी साऱ्यांचीच अंडी बंद झाली, पातळ विष्ठा दिसली किंवा पक्षी मरू लागले तर घरगुती उपचारात दिवस घालवू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, दापोलीत, मेलेल्या कावळ्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लू सापडला होता.

कायद्याचंही एक आहे. पाळायची ती जपानी लाव्हीच. ती १९७४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणली गेली आणि तिथल्या संशोधनातून देशभर पसरली. २०११ मध्ये केंद्राने तिच्या नव्या फार्मना परवाने देणं थांबवलं होतं, ती बंदी नंतर उठली. पण सड्यावरच्या गवतातून भुर्रकन उडणाऱ्या रानलाव्ह्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना फासे लावून धरणं गुन्हा आहे, आणि त्या पिंजऱ्यात अंडी देतील ही आशाही फोल.

नव्याने सुरुवात करणार असाल तर मे महिन्यात पिल्लं आणू नका. ती अंड्यावर येतात तेव्हा आषाढ सुरू असतो: खाद्य दमट, वीज बेभरवशाची, दिवस काळोखा. दसऱ्याला पाच आठवडे पूर्ण झालेल्या माद्या आणा, छाती पाहून निवडून घ्या. पाऊस सरलेला असतो, उकाडा लांब असतो, आणि त्या आठवड्यापासून टायमर लावलात तर दिवाळीच्या आसपास पहिलं अंडं मिळायला हरकत नाही.